रात्रीचे टपाल आणि वाऱ्याचा त्रिकोण

सदिशांचे प्रकरण शिकवायला घेतले की नदी आणि नाव यांचे उदाहरण यायचेच. प्रवाहाचा वेग इतका, नावेचा वेग इतका, तर नेमके समोरच्या घाटावर लागण्यासाठी नाव किती तिरकी धरावी? उदाहरण चांगले आहे. पण जालना जिल्ह्यातील वर्गात ते सांगताना शिक्षकाची थोडी पंचाईत होते. कुंडलिका काय किंवा दुधना काय, वर्षातले बरेच महिने पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. प्रवाहात नाव तिरकी धरून पैलतीर गाठणारा नावाडी तिथल्या बहुतेक मुलांनी पाहिलेला नसतो.

मात्र याच जिल्ह्यावरून दरवर्षी एक मोठी नदी वाहते. ती पाण्याची नाही, वाऱ्याची आहे. जून ते सप्टेंबर या काळात जमिनीपासून एक-दोन किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा पावसाळी वारा म्हणजे एक प्रवाहच. तो ओलांडणारे नावाडी म्हणजे विमानांचे वैमानिक.

भारताच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि नागपूर ही दोन शहरे सरळ रेषेने जोडून पाहा. ही रेषा सुमारे ६८० किलोमीटरची आहे. तिचा मध्य जालना जिल्ह्यात, जालना शहराच्या उत्तरेला, गणपतीसाठी प्रसिद्ध असलेल्या राजूरच्या आसपास येतो. जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. जालना हा वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९८१ हा दिवस उजाडायचा होता. खालची गावे अंधारात झोपलेली असताना वरून पत्रांनी भरलेली डाकोटा विमाने जात. आपण नागपूरच्या दिशेनेच चाललो आहोत हे अंधारातल्या त्या वैमानिकाला कसे समजे, या प्रश्नाच्या उत्तराचा गाभा म्हणजे एक साधा त्रिकोण. त्या त्रिकोणाचा इतिहास येथे पाहायचा आहे.

दोन गतींची बेरीज

एका वस्तूला एकाच वेळी दोन गती असतील तर काय होते, हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या, पण बहुधा त्याच्या शिष्यपरंपरेतील कोणी लिहिलेल्या यंत्रविषयक ग्रंथात त्याचे उत्तर आढळते. दोन गती चौकोनाच्या दोन बाजूंनी दाखवल्या तर वस्तू कर्णावरून जाते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तोफगोळ्याची आडवी गती आणि खाली पडण्याची गती वेगवेगळ्या मोजून नंतर एकत्र केल्या. न्यूटनने १६८७ साली आपल्या गतिविषयक नियमांनंतर लगेच पहिला उपसिद्धान्त म्हणून समांतरभुज चौकोनाचाच नियम दिला.

नियम होता, पण त्याला सुटसुटीत भाषा नव्हती. 'व्हेक्टर' हा शब्द गणिताला आजच्या अर्थाजवळ नेणारा गणिती म्हणजे आयर्लंडचा हॅमिल्टन. १८४३ साली त्याला चतुर्दलांची कल्पना सुचली आणि त्या कामातून हा शब्द पुढे आला. मात्र आपण वर्गात वापरतो ते सदिशांचे सुटसुटीत गणित अमेरिकेतील गिब्ज आणि इंग्लंडमधील हेविसाइड यांचे. गिब्जने १८८१ पासून येल विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांसाठी टिपणे छापून घेतली होती. त्यांच्या आधारे त्याचा विद्यार्थी एडविन विल्सन याने १९०१ साली सदिशांवरचे पाठ्यपुस्तक लिहिले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंचे विमान उडाले. आणि ज्या विल्सनने सदिशांचे पुस्तक लिहिले, त्यानेच १९१५ साली हन्साकर यांच्याबरोबर वाऱ्याच्या झोतात विमान कसे वागते यावर अहवाल लिहिला. अमेरिकेच्या सरकारी विमानविद्या समितीचा तो पहिल्या क्रमांकाचा अहवाल होय. १९२० साली त्याचे विमानविद्येवरील पाठ्यपुस्तकही निघाले. सदिश आणि विमान यांची गाठ अशी सुरुवातीलाच पडली.

वैमानिकाला वारा लागत नाही

येथे विद्यार्थ्यांची एक हमखास चूक होते. वाऱ्यामुळे विमान 'ढकलले' जाते असे ते म्हणतात आणि सायकलवर छातीला लागणारा वारा डोळ्यांसमोर आणतात. विमानाचे तसे नसते. सायकल जमिनीला धरून असते, विमान हवेतच असते. हवेचा सगळा साठा पूर्वेकडे सरकत असेल तर विमानही त्याच्याबरोबर सरकते. एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात वैमानिकाला काहीच जाणवत नाही. त्याच्यासमोरचे वेगमापक यंत्र फक्त हवेच्या संदर्भातील वेग दाखवते. जमिनीच्या संदर्भातील वेग वेगळाच असतो:

जमिनीच्या संदर्भातील विमानाचा वेग = हवेच्या संदर्भातील विमानाचा वेग + वाऱ्याचा वेग

यातील अधिकचे चिन्ह सदिशांच्या बेरजेचे आहे, हे वर्गात पुनःपुन्हा सांगावे लागते. आणखी एक खोच आहे. वाऱ्याला आपण तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव देतो. 'पश्चिमेचा वारा' पूर्वेकडे जातो. सदिशाचा बाण मात्र वस्तू जिकडे जाते तिकडे काढायचा असतो. हे विसरले की सगळे गणित उलटे होते.

बैलगाडीतले पेट्रोल आणि येरवड्याचे मैदान

भारतात या गणिताची खरी कसोटी लागली ती टपालासाठी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून पस मॉथ जातीच्या लहानशा विमानातून टपाल घेऊन उड्डाण केले. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले गेले. दुपारी ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट बळ्ळारीमार्गे मद्रासला टपाल घेऊन गेले. विमानात रेडिओ नव्हता आणि वाट दाखवणारी कोणतीही यंत्रणा जमिनीवर नव्हती. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि खाली दिसणारे लोहमार्ग व नद्या एवढाच आधार.

पावसाळा आला आणि जुहूचे समुद्रकाठचे मैदान चिखलाने निकामी झाले. मग विमाने, वैमानिक आणि यांत्रिक पुण्याला हलले. तिथे येरवड्याच्या तुरुंगाशेजारचे मैदान वापरायला मिळाले. पुणे ते बळ्ळारी ही सरळ रेषा काढली तर ती आग्नेयेकडे सुमारे ४९५ किलोमीटर जाते. पावसाळी वारा तिला तिरका, उजवीकडून येतो. वारा ताशी ६० किलोमीटरचा असेल आणि वैमानिकाने नाक सरळ बळ्ळारीकडे धरून ठेवले, तर अडीच तासांनी तो रेषेपासून सुमारे ११४ किलोमीटर डावीकडे गेलेला असेल. बळ्ळारी त्याला दिसणारसुद्धा नाही. तिथे पोहोचायचे असेल तर नाक जवळजवळ १७ अंश उजवीकडे, म्हणजे वाऱ्याच्या अंगाला, वळवून ठेवले पाहिजे. 'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही आपल्याकडची म्हण. वैमानिकाचा धर्म याच्या उलट आहे.

या सेवेने पहिल्या वर्षात सुमारे १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण केले, १५५ प्रवासी आणि दहा टनांच्या आसपास टपाल नेले आणि वेळापत्रक शंभर टक्के पाळले. पश्चिम घाटावर पाऊस कोसळत असतानाही एकदासुद्धा टपाल चुकले नाही, म्हणून सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने तिची खास वाखाणणी केली. या वक्तशीरपणात वैमानिकांचे धाडस होते, तसेच कोन बरोबर धरण्याचे कौशल्यही होते.

तिसरी बाजू कोण सांगणार?

हा त्रिकोण काढायचा तर वारा माहीत हवा. जमिनीवरचा वारा झाडांवरून कळतो, पण दीड किलोमीटर उंचीवरचा कसा कळणार? त्याचे उत्तर होते रबरी फुगा. हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा. तो ठरावीक वेगाने वर चढतो, म्हणून किती मिनिटे झाली यावरून त्याची उंची कळते. दर मिनिटाला थिओडोलाइटमधून त्याची दिशा आणि उन्नतकोन वाचायचा. उंचीला उन्नतकोनाच्या टॅनने भागले की आडवे अंतर मिळते. लागोपाठच्या दोन मिनिटांच्या जागा कागदावर मांडल्या की त्यांना जोडणारा बाण म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याचा सदिश. रात्री फुग्याला मेणबत्तीचा कागदी कंदील बांधत. दहावीच्या त्रिकोणमितीखेरीज यात काहीही नाही.

भारतीय हवामान खात्याने वरच्या हवेच्या अभ्यासासाठी आग्र्याला वेधशाळा काढली ती १९१४ साली, जे. एच. फील्ड यांच्या देखरेखीखाली. १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात ते यामुळेच. विमानवाहतूक वाढली तसे फुग्यांच्या नोंदींचे मोल वाढत गेले. वैमानिकाच्या त्रिकोणाची एक बाजू त्याच्या यंत्रावर असे, दुसरी नकाशावर असे, तिसरी मात्र जमिनीवर थिओडोलाइटला डोळा लावून बसलेला निरीक्षक सांगे.

यात एक मोठी अडचण होती. फुगा ढगात शिरला की दिसेनासा होतो. म्हणजे वारा सर्वांत जोराचा आणि सर्वांत महत्त्वाचा असतो त्या पावसाळ्यातच मोजणी तोकडी पडे.

राजूर की जालना?

आता डाकोटाकडे परत येऊ. मुंबई-नागपूर रेषा उत्तरेपासून पूर्वेकडे ७१ अंशांवर, म्हणजे पूर्व दिशेच्या १९ अंश उत्तरेला आहे. डाकोटाचा हवेतील वेग ताशी २६० किलोमीटर धरू. जुलैतील जोराच्या दिवशी पश्चिमेचा वारा ताशी ७५ किलोमीटर धरू. वाऱ्याचे दोन घटक असे:

मार्गाच्या दिशेने: ७५ × कोसाइन १९° = ७१
मार्गाला काटकोनात, उजवीकडे: ७५ × साइन १९° = २४

वैमानिकाने दुरुस्ती केली नाही तर विमान दर तासाला २४ किलोमीटर उजवीकडे, म्हणजे दक्षिणेच्या अंगाला, सरकेल. पुढे जाण्याचा वेग ताशी ३३१ किलोमीटर असल्याने अर्ध्या वाटेवर यायला त्याला साधारण एक तास लागेल. तेव्हा ते राजूरजवळ असायला हवे, पण असेल २४ किलोमीटर बाजूला, म्हणजे जवळजवळ जालना शहरावर. नागपूरच्या बरोबरीने येईपर्यंत ही चूक ५० किलोमीटरची होईल आणि नागपूर डावीकडे राहून जाईल. खाली दिव्यांचा एक पुंजका दिसला, तर तो आपल्याला हव्या असलेल्या गावाचा की दुसऱ्याच, हे अंधारात ओळखणे किती कठीण! १९४९ पर्यंत विमानात रेडिओ आला होता आणि जमिनीवरील केंद्राची दिशा त्यावरून समजे. तरीही कोन ठरवावा लागे तो याच त्रिकोणाने.

दुरुस्ती अशी: नाक डावीकडे ज्या कोनात वळवायचे त्याचा साइन २४ भागिले २६०, म्हणजे ०.०९२. कोन झाला सुमारे ५ अंश. नाक ७१ ऐवजी ६६ अंशांवर धरले की विमान बरोबर रेषेवरून जाते. जमिनीवरील वेग २५९ अधिक ७१, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर. नागपूर २ तास ४ मिनिटांत येते.

परतीच्या वाटेवर हाच वारा समोरून येतो. वेग २५९ उणे ७१, म्हणजे १८८. मुंबई गाठायला ३ तास ३७ मिनिटे लागतात. दोन्ही मिळून ५ तास ४१ मिनिटे. वारा अजिबात नसता तर हाच फेरा ५ तास १४ मिनिटांत झाला असता. 'जाताना मिळाले ते येताना गेले, हिशेब बरोबर' असे पुष्कळ विद्यार्थी म्हणतात. तसे होत नाही. वाऱ्याने २७ मिनिटे जास्तीची घेतली, कारण मंद वेगाने जाण्यात विमानाचा वेळ जास्त जातो. तेवढे पेट्रोलही जास्त बाळगावे लागते.

वारा न कळल्याची किंमत

वाऱ्याचे गणित चुकले तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण २ ऑगस्ट १९४७ चे आहे. 'स्टार डस्ट' नावाचे ब्रिटिश विमान ११ जणांना घेऊन ब्युनॉस आयरिसहून अँडीज पर्वत ओलांडून सँटियागोला चालले होते. थोड्याच वेळात उतरत आहोत असा संदेश आला आणि विमान नाहीसे झाले. पन्नासेक वर्षांनी तुपुंगातो पर्वतावरील हिमनदीतून त्याचे अवशेष बाहेर आले. वैमानिकाची चूक नव्हती, असे चौकशीत ठरले. फार उंचीवर समोरून वाहणाऱ्या प्रचंड वाऱ्याने विमानाचा जमिनीवरील वेग खूप कमी केला होता. पर्वत ओलांडला असे समजून ते खाली उतरू लागले, तेव्हा पर्वत अजून पुढेच होता.

असे वारे कोणालाच माहीत नव्हते असेही नाही. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडूनच ते मोजले होते आणि १९२६ साली अहवालही छापला होता. जगभर समजावे म्हणून त्यांनी तो एस्परांतो भाषेत लिहिला, आणि जगाने तो वाचलाच नाही!

आपल्या आकाशातील मोठे वारे भारतीय शास्त्रज्ञांनी उलगडले. पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली पावसाळ्यात चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ढगांआडच्या फुग्याचाही रेडिओने माग काढता येऊ लागला. १९६६ साली पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी दाखवले की जुलैत दक्षिण भारताच्या द्वीपकल्पावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा झोतवारा असतो आणि त्याचा वेग ४० ते ६० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ७५ ते ११० किलोमीटरपर्यंत, जातो. पावसाळ्यात या भागावर अशा दोन नद्या एकावर एक, उलट दिशांनी वाहत असतात. खालून पूर्वेला जाणाऱ्या विमानाला वारा साथ देतो, खूप उंचावरून जाणाऱ्याला तोच अडवतो.

वर्गात करून पाहा

वैमानिकाचे उदाहरण पाठ्यपुस्तकातील नेहमीच्या उदाहरणांपेक्षा एका बाबतीत वेगळे आहे. पुस्तकात दोन सदिश पूर्ण दिलेले असतात आणि बेरीज काढायची असते. येथे वाऱ्याचा सदिश पूर्ण माहीत आहे. हवेतील वेगाचे फक्त परिमाण माहीत आहे, दिशा नाही. जमिनीवरील वेगाची फक्त दिशा माहीत आहे, परिमाण नाही. तरीही पट्टी, कंपास आणि कोनमापक यांनी उत्तर निघते.

एक सेंटिमीटर म्हणजे ताशी २० किलोमीटर असे प्रमाण घ्या. कागदावर मुंबईसाठी एक बिंदू घेऊन त्यातून पूर्वेच्या १९ अंश उत्तरेला लांब रेषा काढा. हा मार्ग. त्याच बिंदूपासून सरळ पूर्वेकडे ३.७५ सेंटिमीटरचा बाण काढा. हा वारा. बाणाच्या टोकावर कंपास ठेवून १३ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. कंस मार्गाला जिथे छेदतो तो बिंदू बाणाच्या टोकाशी जोडा. ही रेषा विमानाच्या नाकाची दिशा. मुंबईपासून छेदनबिंदूपर्यंतचे अंतर मोजा, ते १६.५ सेंटिमीटर, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर येईल. परतीसाठी हीच रचना उलट दिशेने करून ९.४ सेंटिमीटर येते का ते पाहा. मग वाऱ्याचा बाण बदलत जा. कंस मार्गाला छेदतच नाही अशी वेळ कधी येते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. तिचा अर्थ असा की त्या वाऱ्यात तो मार्ग धरणे त्या विमानाला शक्य नाही.

हीच रचना १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या फिलिप डाल्टन याने सरकत्या पट्टीच्या छोट्या उपकरणात बसवली. 'ई-६बी' या नावाने ते वैमानिक-विद्यार्थी आजही शिकतात.

आता उपग्रहांमुळे विमानाला आपला जमिनीवरील वेग क्षणोक्षणी कळतो. हवेतील वेग आणि नाकाची दिशा त्याला माहीत असतेच. म्हणून तो त्रिकोण आता उलटा सोडवता येतो. दोन बाजू माहीत आहेत, त्यांची वजाबाकी केली की वारा मिळतो. अनेक प्रवासी विमाने असा वारा मोजून हवामान खात्यांना कळवतात आणि तो अंदाजासाठी वापरला जातो. एके काळी जमिनीवरचा निरीक्षक वैमानिकाला वारा सांगत असे, आता विमानच जमिनीला तो सांगते.

पुढच्या पावसाळ्यात शाळेवरून एखादे विमान पूर्वेकडे जाताना दिसले तर मुलांना एवढेच विचारा: त्याचे नाक खरोखर जायच्या गावाकडे आहे का? होय आणि नाही अशी दोन्ही उत्तरे येतील. वाद सुरू झाला की फळ्यावर वाऱ्याचा बाण काढायला हरकत नाही.